आयएमएसएलपी: पार्ट फुकट मिळतात, वाजवण्याजोगे आपण करायचे

ड्वोर्झाकच्या नवव्या सिंफनीचा सगळा पार्टसंच, म्हणजे वाद्यागणिक वेगळी स्वरलिपी, आयएमएसएलपी या फुकट स्वरलिपीच्या साइटवरून उतरवायला पाऊण तास पुरतो. तोच संच बार नंबर (तालखंडांचे आकडे) घालून, बोइंग (गज वर-खाली नेण्याच्या खुणा) उतरवून, शिवून एक्केचाळीस फोल्डरांतून स्टँडवर जाईपर्यंत दोन माणसांचा आठवडा खर्ची पडतो. इथे तांदूळ मिळतो, भात नाही. शिवाय तांदळात खडे आहेत, आणि ते कुठे असतात हे ठाऊक असलेल्यालाच ही साइट स्वस्त पडते. बाकीच्यांना ती पहिल्या रिहर्सलला महाग पडते, कारण पन्नास माणसं वाद्यं घेऊन बसलेली असतात आणि कंडक्टर 'लेटर एफपासून' (पार्टावर छापलेल्या एफ या खुणेपासून) म्हणतो तेव्हा अर्धा ऑर्केस्ट्रा वेगळीकडूनच सुरू करतो.

साइट सुरू झाली फेब्रुवारी २००६ मध्ये. त्याच वर्षी मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रात सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया उभा राहिला, हा निव्वळ योगायोग. एडवर्ड गुओ या विद्यार्थ्यानं ती काढली. व्हिएन्नाच्या युनिव्हर्सल एडिशन या प्रकाशकाची नोटीस आल्यावर ऑक्टोबर २००७ मध्ये ती बंद पडली आणि जून २००८ च्या अखेरीस पुन्हा उघडली. त्या भांडणातून आलेली काटेकोर शिस्त आजही प्रत्येक फाइलीखाली दिसते: प्रकाशक, प्लेट नंबर (प्रकाशकाचा छपाईक्रमांक), स्कॅन कोणी केला आणि कॉपीराइटचा टॅग. फुकट उतरवणाऱ्याला दर फाइलीला १५ सेकंद थांबावं लागतं. वीस-बावीस फायलींच्या संचात ते जाणवतं, पण तक्रार करण्याइतकं नाही.

टॅगपासूनच सावध व्हावं. त्यात तीन खाने असतात: कॅनडा, अमेरिका आणि युरोपीय संघ. भारताचा खाना नाही. आपल्याकडे १९५७ च्या कायद्यानुसार रचनाकाराच्या मृत्यूनंतर पुढच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षं मोजतात. युरोपात ७० मोजतात. कॅनडात २०२२ संपेपर्यंत ५० होती आणि तेव्हा जे मुक्त झालेलं होतं ते मुक्तच राहिलं. याचा परिणाम दोन्ही बाजूंनी होतो. सिबेलियस १९५७ मध्ये गेला, व्हॉन विल्यम्स १९५८ मध्ये. युरोपच्या खान्यात दोघेही अजून बंद दिसतात, पण भारतात ते अनुक्रमे २०१८ आणि २०१९ च्या १ जानेवारीला मोकळे झाले. उलट स्ट्राविन्स्की १९७१ मध्ये गेला. कॅनडात तो मोकळा आहे, म्हणून फाइल उतरते. मुंबईत मात्र २०३१ संपेपर्यंत त्याच्या रचना संरक्षित धरूनच चालावं. फाइल उतरली म्हणजे परवानगी मिळाली असं समजणारे बरेच असतात.

ऑर्केस्ट्रेशन करणारा वेगळा असेल तर त्याचंही मृत्यूवर्ष पाहायचं. मुसोर्गस्कीच्या पियानोकृतीचं रावेलनं केलेलं ऑर्केस्ट्रेशन चालतं, कारण रावेल १९३७ मध्ये गेला. तीच कृती कालपरवाच्या कोणी ऑर्केस्ट्रासाठी बसवली असेल तर चालत नाही. स्वयंसेवकांनी नव्यानं टाइपसेट केलेल्या फायलींवर क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना असतो. त्यात 'नॉन-कमर्शियल' असेल आणि कार्यक्रमाला तिकीट असेल, तर ती फाइल बाजूला ठेवा.

आता खडे निवडण्याकडे. सगळ्यात मोठा खडा म्हणजे स्कोअर (सगळी वाद्यं एकत्र दाखवणारी कंडक्टरची प्रत) एका आवृत्तीचा आणि पार्ट दुसऱ्या. साइटवर 'फुल स्कोअर्स' आणि 'पार्ट्स' हे वेगळे टॅब आहेत. दोन्हीकडची पहिली फाइल उचलली की घोळ ठरलेला. प्रत्येक पानाच्या तळाशी मधोमध बारीक छापलेला प्लेट नंबर जुळवून पाहा. प्रकाशक एक असूनही स्कोअर आणि पार्ट यांचे नंबर वेगळे असू शकतात. तेव्हा सरळ रिहर्सल लेटर तपासा: पहिल्या भागात लेटर किती, शेवटचं कोणतं, आणि प्रत्येक लेटर स्कोअरच्या कितव्या बारवर बसतं. पाच-सहा लेटर जुळली की पुढे जायला हरकत नाही. कंडक्टरकडे त्याचा स्वतःचा, वर्षानुवर्षं खुणा केलेला स्कोअर असतो आणि तो बदलायला तयार नसतो. अशा वेळी त्याच्या लेटरांप्रमाणे सगळ्या पार्टांवर नवी लेटर घालणं हे लायब्ररियनच्याच (ऑर्केस्ट्राचे पार्ट सांभाळणाऱ्याच्या) माथी येतं. त्यापेक्षा बार नंबर घाला. जुन्या जर्मन पार्टांवर ते बहुधा नसतात, आणि आजच्या रिहर्सलला त्यावाचून चालत नाही.

बार नंबर घालण्याची रीत साधी आहे, पण क्रम चुकवू नये. आधी स्कोअरवर, प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला. मग पार्टांवर, तेही ओळीच्या सुरुवातीलाच. मध्ये दिसणारे लांब रेस्ट (विराम) मोजून पुढचा आकडा घाला. फर्स्ट आणि सेकंड एंडिंगचे (पुनरावृत्तीच्या दोन वेगळ्या शेवटांचे) बार कसे मोजायचे ते सुरुवातीलाच ठरवून कागदावर लिहून ठेवा. एकानं सेकंड एंडिंग पुढे मोजलं आणि दुसऱ्यानं तोच आकडा पुन्हा दिला, की तिथून पुढचा सगळा भाग घसरतो. या मोजणीतून फुकटात तपासणीही होऊन जाते. बेथोवनच्या पाचव्या सिंफनीचा पहिला भाग ५०२ बारचा. बसूनचा पार्ट ५०१ वर संपला तर कुठेतरी एक बार गळलाय. बहुतेक वेळा रेस्टवरचा आकडा चुकलेला असतो, किंवा स्कॅनमध्ये पानाची शेवटची ओळ कापली गेलेली असते.

छापील चुका वेगळ्या, आणि त्या जुन्या आवृत्त्यांत मुबलक आहेत. पाचवीच्याच तिसऱ्या भागात दोन बार जास्तीचे छापले गेले होते. बेथोवननं १८१० मध्ये प्रकाशकाला तसं कळवलं. ते पत्र १८४६ मध्ये छापून आलं, तोवर ऑर्केस्ट्रा ते दोन बार इमानदारीनं वाजवत राहिले. ड्वोर्झाकच्या नवव्या सिंफनीची प्रुफं, तो अमेरिकेत असल्यामुळे, खुद्द ब्राह्म्सनं पाहिली होती, तरी पार्ट आणि स्कोअर यांत डायनॅमिक्सचे (आवाज लहानमोठा करण्याच्या खुणांचे) फरक उरतातच. शुबर्टच्या 'अनफिनिश्ड'मध्ये तर एक खूण नीट पाहावी लागते. त्याच्या हस्ताक्षरात अॅक्सेंट इतका लांब पडतो की जुन्या आवृत्त्यांनी तो जागोजागी डिमिन्युएंडो (आवाज विरत नेण्याची खूण) म्हणून छापला. एका पार्टात छोटी खूण आणि दुसऱ्यात लांब हेअरपिन असेल, तर अर्धे वादक सुरावर ठोका देतात आणि अर्धे विरत जातात. हा निर्णय कंडक्टरकडून आधीच घ्यायचा आणि सगळ्या पार्टांवर सारखा करायचा. रिहर्सलमध्ये विचारत बसलं तर अर्धा तास जातो.

स्कॅनची प्रत फाइलीगणिक वेगळी. ६०० डीपीआय, निव्वळ काळंपांढरं स्कॅन असेल तर छपाई सुरेख येते. रंगीत स्कॅनमध्ये जुना पिवळा कागद राखाडी होऊन उतरतो. तो काळापांढरा करताना थ्रेशोल्ड (काळं कुठे, पांढरं कुठे ही मर्यादा) जास्त ओढला की आधी स्टकाटोचे (तुटक सुरांचे) ठिपके जातात, मग लेजर ओळी (पाच ओळींबाहेरच्या सुरांच्या छोट्या रेघा). दोन-तीन पानं ४०० टक्क्यांवर उघडून ठिपके मोजावेत. तिरपं स्कॅन सरळ करून घ्यावं. नुसतं सौंदर्य म्हणून नाही: तिरप्या ओळीवर वरचा जी आणि ए अंधूक उजेडात एकसारखे दिसतात.

आणि पानं उलटणं. यावर लिहायचं तर अख्खा लेख होईल. जुन्या एनग्रेव्हरनं (छपाईसाठी स्वरलिपी कोरणाऱ्यानं) उजव्या पानाच्या तळाशी मुद्दाम रेस्ट आणलेला असतो, कारण पान तिथेच उलटायचं असतं. डावीकडून उजवीकडे नुसती नजर जाते. पीडीएफमध्ये मुखपृष्ठ किंवा कोरं पान गाळलेलं असेल तर सगळी जोडी एका पानानं सरकते. मग डावीकडचं पान उजवीकडे येतं आणि फर्स्ट व्हायोलिनला सोळाव्या मात्रांच्या धावत्या ओळीत, जिथे एक हातही मोकळा नाही, पान उलटावं लागतं. पहिल्या पानाआधी एक कोरं पान घातलं की सगळं जागेवर येतं. म्हणून छापायला देण्याआधी प्रत्येक पार्ट 'टू-पेज व्ह्यू'मध्ये लावून प्रत्येक उजव्या पानाचा शेवटचा बार पाहा. फाइलमध्ये आधीच तीन पानं एकत्र उघडायची सोय केलेली असेल, म्हणजे एक पान बाहेर दुमडलेलं असेल, तर ते तसंच ठेवा. ते कोणीतरी विचार करून केलेलं असतं.

छपाईत मुंबईकराचं एक भाग्य आहे, ते फारसं कोणी वापरत नाही. ऑर्केस्ट्रा पार्टसाठी ए-फोर लहान पडतो. ऑर्केस्ट्रा लायब्ररियनांच्या मोला या १९८३ पासूनच्या संघटनेची शिफारस साडेनऊ बाय साडेबारा इंच किंवा दहा बाय तेरा इंचांची आहे. मूळ पार्ट दहा बाय तेराचा असेल आणि तो ए-फोरवर 'फिट टू पेज' केला, तर रुंदीमुळे तो ८३ टक्क्यांवर येतो. मूळची साडेसात मिलिमीटरची पाच ओळींची उंची सव्वासहावर उतरते. एका स्टँडवर दोन व्हायोलिनवादक बसतात, नजरेचं अंतर हातभर असतं. तिथे ७ ते ८ मिलिमीटर हवेत. फोर्ट, लोअर परळ किंवा दादरच्या डिजिटल प्रिंटवाल्यांकडे १२ बाय १८ आणि १३ बाय १९ इंचांची शीट नेहमी असते, कारण लग्नपत्रिका आणि ब्रोशर त्यावरच छापतात. १२ बाय १८ मधून दुमडली की ९ बाय १२. १३ बाय १९ दुमडून वरचा अर्धा इंच कापला की नेमका साडेनऊ बाय साडेबारा! जगभरचे ऑर्केस्ट्रा ज्या आकारासाठी वेगळा कागद मागवतात, तो इथे गल्लीत मिळतो.

मात्र दुकानात काय मागायचं ते ठरवून जावं. कागद मॅपलिथो, १०० जीएसएम, जमल्यास किंचित पिवळसर नॅचरल शेड. ७० जीएसएमवर मागच्या पानाचे सूर पुढे दिसतात. आर्ट पेपर अजिबात नको: स्टेजच्या दिव्यात तो चकाकतो आणि पेन्सिल त्यावर बसत नाही. 'ब्लॅक ओन्ली' म्हणून सांगा आणि फाइल ग्रेस्केल करून द्या. नाहीतर मशीन चार रंगांतून काळा बनवतं, कडा धुरकट येतात आणि दर रंगीतचा लागतो. 'अॅक्च्युअल साइज' हे शब्द ऑर्डरवर लिहून घ्या, कारण ऑपरेटरचा हात सवयीनं 'फिट'वर जातो. पहिली शीट हातात आली की मोजपट्टी लावून पाच ओळींची उंची मोजा आणि मगच पुढची छापायला सांगा.

दुमडणं आणि शिवणं: क्रीझिंग करून (घडीची खाच पाडून) सेंटर पिन. क्रीझ न करता दुमडलं तर घडीवर टोनर तडकतो, आणि नेमकी तिथेच एखाद्या ओळीची की-सिग्नेचर असते. परफेक्ट बाइंडिंगचा पार्ट स्टँडवर उघडा राहत नाही. स्पायरल उघडा राहतो, पण पान उलटताना खरखरतो आणि शांत पियानिसिमोत मागच्या रांगेपर्यंत ऐकू येतो. सेंटर पिनला पानं चारच्या पटीत हवीत. दहा पानांचा पार्ट असेल तर बारा करा आणि कोरी पानं कुठे येतील ते तुम्ही ठरवा, दुकानावर सोडू नका. एखादं सुटं पान उरलंच तर ते कापडी टेपनं आतून चिकटवता येतं. पारदर्शक सेलोटेप पावसाळ्यात पिवळी पडून सुटते.

पावसाळा म्हटल्यावर ग्रेनबद्दलही बोलायला हवं. कागदाचा ग्रेन, म्हणजे तंतूंची दिशा, घडीला समांतर हवा. १२ बाय १८ मध्ये घडी बारा इंचांच्या बाजूला समांतर येते, म्हणून ग्रेनही त्याच दिशेचा मागा. शीट दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून पाहिली की ज्या दिशेला सहज वाकते ती कळते. उलट्या ग्रेनचा पार्ट जुलैच्या हवेत पन्हाळीसारखा वळतो आणि स्टँडवरून सरकतो. घरच्या इंकजेटवर काढलेले पार्ट तर या हवेत ओल्या बोटांना पुसतात. लेझर किंवा डिजिटल प्रेसशिवाय काढूच नयेत.

किती काढायचे? ड्वोर्झाकच्या नवव्या सिंफनीचंच उदाहरण घेऊ. विंड, ब्रास आणि तालवाद्यांचे पार्ट असे: फ्लूट २, ओबो २, क्लॅरिनेट २, बसून २, हॉर्न ४, ट्रम्पेट २, ट्रॉम्बोन ३, ट्यूबा १, टिंपनी १, त्रिकोण आणि झांज मिळून १. झाले २०. कोर आंग्लेसाठी (ओबोच्या मोठ्या भावंडासाठी) वेगळा वादक बोलावला तर त्याचा वेगळा फोल्डर, म्हणजे २१. स्ट्रिंग १२-१०-८-६-४ असतील तर दोघांत एक स्टँड या हिशोबानं ६, ५, ४, ३, २, म्हणजे २०. एकूण ४१. सरासरी १२ पानं धरली तर ४९२ पानं, १२३ शीट, २४६ इम्प्रेशन (शीटच्या छापलेल्या बाजू). दुकानात दर विचारताना 'इतकी पानं' म्हणू नका, 'इतकी इम्प्रेशन, बॅक टू बॅक' म्हणा. ट्यूबा फक्त दुसऱ्या भागात वाजतो. तरी त्याच्या पार्टवर बाकी तिन्ही भागांसाठी 'टासेट' (इथे वाजवायचं नाही) लिहिलेलं हवं, नाहीतर पार्ट अपुरा आहे असं समजून तो वादक लायब्ररियनला शोधत येतो.

सगळे स्ट्रिंग एकदम छापून मोकळं होऊ नये, ही चूक सर्रास होते. आधी प्रत्येक विभागाचा एकच पार्ट काढा आणि तो कॉन्सर्टमास्टर व प्रिन्सिपलांकडून (विभागप्रमुखांकडून) बोइंग घालून घ्या, २बी पेन्सिलीनं. मग तोच स्कॅन करून उरलेल्या डेस्कांसाठी (स्टँडवरच्या जोड्यांसाठी) छापा. वीस पार्टांवर हातानं अप-बो, डाउन-बो उतरवण्यात दोन संध्याकाळी जातात आणि चौथ्या डेस्कचं बोइंग उलटं निघतं. हेडन-मोझार्टच्या जुन्या संचांत चेलो आणि बासचा पार्ट बहुधा एकच असतो. तिथे ३ अधिक २ असे पाच काढायचे, हे विसरलं की बासवाले रिकाम्या स्टँडपुढे उभे राहतात.

काही पार्ट मात्र नव्यानं लिहूनच काढावे लागतात. मुंबईत हौशी क्लॅरिनेटवादकाकडे बऱ्याचदा फक्त बी-फ्लॅट वाद्य असतं. ए क्लॅरिनेटचा पार्ट त्याच्यासाठी अर्ध्या सुरानं खाली लिहावा लागतो. ए क्लॅरिनेटचा सगळ्यात खालचा ई मात्र बी-फ्लॅटवर येतच नाही. तो दिसला तर कंडक्टरला विचारून वरच्या सप्तकात न्या किंवा बसूनकडे द्या. म्यूझस्कोर हे स्वरलिपी लिहायचं सॉफ्टवेअर या कामाला पुरतं आणि फुकट आहे. स्पेस, म्हणजे दोन ओळींमधलं अंतर, १.७५ मिलिमीटर ठेवली की पाच ओळींची उंची ७ मिलिमीटर होते, २ ठेवली की ८. त्यात क्यूसाठी (आपल्या आधी दुसरं वाद्य काय वाजवतं ते दाखवणाऱ्या लहान ओळीसाठी) स्वतंत्र सोय नाही. दुसऱ्या वाद्याची ओळ चिकटवून, लहान करून, तिचं प्लेबॅक बंद करून काम भागवावं लागतं. वीस बार रेस्टनंतर येणाऱ्या ट्रॉम्बोनला क्यू हवाच, म्हणून तेवढा वेळ धरून ठेवा. साइटवर काही जणांनी फिनाले या दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या मूळ फायली ठेवल्यात. फिनाले ऑगस्ट २०२४ मध्ये बंद झालं, तेव्हा म्यूझिकएक्सएमएल (सॉफ्टवेअरांमधल्या देवाणघेवाणीची फाइल) असेल तर तीच घ्या.

टॅब्लेट वापरणाऱ्या विंडवाल्यांना छापील प्रत नको असते, पण त्यांनाही बार नंबर घातलेलीच पीडीएफ द्यायची. त्यांनी साइटवरून परस्पर उतरवली तर एका फ्लूटकडे एक आवृत्ती आणि दुसऱ्याकडे दुसरी येते. असा प्रकार फक्त रिहर्सलमध्येच उघडकीला येतो.

एक पळवाट मोहात पाडते: स्ट्रिंगचे पार्ट ब्राइटकॉप्फ किंवा बेरनरायटरचे नवे, सुटे विकत घ्यायचे आणि विंड-ब्रास इथले फुकटचे वापरायचे. हे करू नये. बेथोवनच्या बाबतीत जोनाथन डेल मारनं संपादित केलेल्या बेरनरायटरच्या आवृत्तीत आणि एकोणिसाव्या शतकातल्या पार्टांत स्लर, डायनॅमिक्स, कुठे कुठे सूरसुद्धा वेगळे आहेत. लेटर तर वेगळीच. दोन आवृत्त्या एका स्टेजवर आणल्या की वाचलेले पैसे रिहर्सलच्या तासांत जातात, आणि मुंबईत हॉलचा तास कागदापेक्षा महाग आहे. बेथोवन दर दोन-तीन वर्षांनी वाजणार असेल तर पूर्ण संच विकत घ्या. सुपे किंवा ग्लिंकाचं एखादं ओव्हर्चर एकदाच वाजणार असेल तर आयएमएसएलपीवरून घ्या, निवडा, धुवा, शिजवा. स्ट्राविन्स्कीला मात्र ही साइट उघडूच नका. प्रकाशकाच्या भाडेविभागाला पत्र लिहा, कुरिअर आणि कस्टमचे दिवस धरून तारीख मागा, आणि पार्ट परत करताना आपल्या पेन्सिलीच्या खुणा खोडायला एक माणूस नेमून ठेवा. बहुतेक प्रकाशक न खोडलेल्या खुणांचे पैसे वेगळे लावतात.